पेटी मावते का? टियागो सीएनजीचे अठरा महिने आणि दादाची वॅगनआर

मागच्या महिन्यात एका ॲक्सेसरीच्या दुकानात एका मुलाने माझ्या गाडीच्या डिकीच्या तळाला ड्रिल लावलं. त्या फळीखाली सीएनजीच्या दोन टाक्या आहेत, हे त्याला माहीतच नव्हतं. टाटांची टियागो की मारुतीची वॅगनआर, असं मला वर्षभरात कितीतरी जणांनी विचारलं आणि मी दरवेळी चार वाक्यांत उत्तर दिलं. त्या दिवसानंतर वाटलं की एकदा नीट बसून लिहायला हवं.

मी साताऱ्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवते आणि कीर्तनाला, भजनाला साथ करते. वाई, कऱ्हाड, फलटण, कधी म्हसवड, कधी थेट पंढरपूर. रात्री अकराला कार्यक्रम संपला की एसटी नसते आणि दरवेळी बुवांच्या गाडीत जागा मिळेलच असं नाही. २०२४ च्या दसऱ्याला मी टियागोचं सीएनजी मॉडेल घेतलं, गिअरचं. बरोबर एका वर्षाने, २०२५ च्या दसऱ्याला, माझ्या थोरल्या भावाने वॅगनआर सीएनजी घेतली. आम्ही एकाच गल्लीत राहतो आणि गरजेप्रमाणे गाड्या अदलाबदली करून वापरतो. माझी अठरा हजार किलोमीटर झाली आहे. दादाची वॅगनआर मी स्वतः तीनेक हजार किलोमीटर चालवली असेल.

माझा निर्णय एकाच गोष्टीवर झाला होता. दोन्ही शोरूममध्ये मी पेटी घेऊन गेले. साडेतीन सप्तकांची, स्केलचेंजची, लाकडी खोक्यासकट चांगली जड. वॅगनआरची डिकी पेट्रोलमध्ये ३४१ लिटरची, म्हणजे या वर्गात ऐसपैस. पण सीएनजी घेतली की ६० लिटरचा सिलिंडर आडवा त्याच डिकीत येऊन बसतो. उरलेल्या जागेत पिशव्या राहतात, पेटी नाही. टियागोची डिकी मुळात २४२ लिटरची, म्हणजे कागदावर लहान. मात्र टाटांनी २०२३ च्या मे महिन्यात आल्ट्रोजमध्ये आणि ऑगस्टमध्ये टियागोत एका मोठ्या टाकीऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या तळाखाली बसवल्या. तळ थोडा वर आला, पण सपाट राहिला. पार्सल ट्रे काढून ठेवली की माझी पेटी तिथे आडवी बसते. शोरूममधल्या मुलाने मायलेज, टचस्क्रीन, हप्ते, सगळं सांगून झाल्यावर विचारलं, ‘मॅडम, अजून काही बघायचंय?’ मला बघायचं होतं ते बघून झालं होतं.

पेटी मागच्या सीटवर ठेवली तर काय बिघडतं, असं दादा म्हणाला होता. बरंच बिघडतं. खड्ड्यात गाडी आदळली की ती सीटवरून पुढे सरकते. शिवाय उन्हात उभ्या गाडीत काचेतून येणारं ऊन थेट तिच्यावर पडतं, लाकूड तापतं. आणि तबलजी, टाळकरी, बुवा असे तिघे मागे बसायचे असतात, त्यांना जागा कुठून द्यायची? गेल्या पावसाळ्यात कोयनेच्या बाजूला तीन दिवसांचा सप्ताह होता. पेटी डिकीत, वर गोधडी, तबला-डग्गा पायापाशी, मागे तीन माणसं. चौथ्या दिवशी घरी येऊन पेटी उघडली तर सगळे सूर जागच्या जागी. एवढ्यासाठी मी टियागोचे सगळे हप्ते आनंदाने भरते.

आता ड्रिलचं सांगते. डिकीचा तळ सपाट असल्यामुळे घाटात पेटी इकडून तिकडे घसरायची. दोन छोटे अडकण बसवून घ्यावेत म्हणून दुकानात गेले. मालकांना सांगितलं, सीएनजी आहे. त्यांनी मान डोलावली, पण काम करणाऱ्या मुलाला सांगितलं नाही. त्याने डिकी उघडली, सिलिंडर दिसला नाही, म्हणून साधी पेट्रोल गाडी समजला. फळीखाली स्टेपनी असेल असं त्याला वाटलं. मी आत पैसे किती ते विचारत होते तेवढ्यात ड्रिलचा आवाज आला. धावत बाहेर आले तोवर फळीला आरपार भोक पडलं होतं.

सीएनजी टाकीत साधारण २०० बारच्या दाबाने भरतात. चाकातल्या हवेच्या नव्वदपट दाब. त्या टाकीपासून काही बोटांवर ड्रिलचं टोक होतं. मी गाडी सुरू न करता ढकलून सावलीत घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि वर्कशॉपमधून माणूस बोलावला. त्याने टाक्या, पाईप, जोड, सगळं साबणाच्या पाण्याने आणि मीटरने तपासलं. टाकीला ओरखडाही नव्हता, गळती नव्हती. मग दुकानदार मला कामाचे साडेतीनशे रुपये मागायला लागले. ‘ताई, भोक तर फळीला पडलंय, एवढं काय झालं?’ मी पैसे दिले नाहीत आणि तासभर भांडून नव्या फळीचे अर्धे पैसे त्यांच्याकडूनच घेतले. पैशाचा प्रश्न नव्हता. त्या मुलाला उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला ड्रिल लावण्याआधी थांबावंसं वाटलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. त्याला मी फळी उचलून दोन्ही टाक्या दाखवल्या. बिचारा पांढराफटक पडला होता.

या प्रसंगाने माझं एक मत बदललं. दादाच्या डिकीतला तो मोठा सिलिंडर मला आधी नुसती अडचण वाटायचा. आता वाटतं, तो दिसतो हा त्याचा गुण आहे. डिकी उघडणारा प्रत्येक माणूस, धुणारा, वायरिंगवाला, सामान भरणारा, त्याच्याशी जपून वागतो. माझ्या गाडीतल्या टाक्या लपलेल्या आहेत, म्हणून त्यांची आठवण ठेवायची जबाबदारी माझी. मी आता डिकीच्या आतल्या बाजूला लाल अक्षरांत ‘खाली गॅसच्या टाक्या आहेत’ असं लिहून चिकटवलं आहे. ज्यांच्याकडे तळाखाली टाक्या असलेली कोणतीही गाडी आहे, ह्युंदाईची दोन टाक्यांची असो की मारुतीची नवी व्हिक्टोरिस, त्यांनी हे आजच करावं. अडकणाचा नादही मी सोडला. खाली रबरी मॅट, बाजूंना गुंडाळलेल्या दोन गोधड्या. पेटी हलत नाही.

टाक्यांची एक गोष्ट खर्चाचीही आहे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते, त्याशिवाय पंपावर गॅस भरून देत नाहीत. दादाची एक टाकी, माझ्या दोन. म्हणजे माझ्या दोन टाक्या उतरवायच्या, दोन तपासायच्या. माझी पहिली वेळ २०२७ मध्ये येईल. त्यासाठी दरमहा शंभर रुपये वेगळे टाकते आहे.

आता गॅसच्या हिशेबाकडे. मी प्रत्येक भरणा वहीत लिहिते. कंपनीचा आकडा गिअरच्या टियागोसाठी किलोला २६.४९ किलोमीटर, वॅगनआरसाठी ३४.०५. आमच्या रस्त्यांवर, चार माणसं आणि पेटी धरून, माझी सरासरी २४ आली आणि दादाच्या गाडीची ३०. गॅस नव्वद रुपये किलो धरला तर मला किलोमीटरला पावणेचार रुपये पडतात, त्याला तीन. अठरा हजार किलोमीटरला साडेतेरा हजारांचा फरक. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला वाईट वाटलं होतं, ते खरं. माझ्या तीन विद्यार्थ्यांची वर्षाची फी आहे ती. दुसऱ्या बाजूला, टियागो थेट गॅसवर सुरू होते आणि वॅगनआर आधी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते. गावातल्या गावात दहा वेळा बंद-चालू करणाऱ्याचं थोडं पेट्रोल तिथे जातं. दादाने मोजलं, महिन्याला दोनशे-अडीचशेच्या पुढे नाही. म्हणजे या हिशेबात वॅगनआर पुढेच राहते.

शिवाय त्याने गाडी घेतली तेव्हा जीएसटी बदलला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. मी त्याच्या वर्षभर आधी पूर्ण कर भरून घेतली. आणि तोवर वॅगनआरला सहा एअरबॅग्जही मिळाल्या होत्या. माझ्या गाडीत दोन आहेत. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासते आणि पाचपैकी तारे देते. तिच्या चाचणीत टियागोला २०२० मध्ये चार तारे मिळाले आणि वॅगनआरला २०२३ मध्ये एक. पण त्या दोन चाचण्यांचे नियम वेगळे होते, नंतरचे कडक होते, आणि ती वॅगनआर सहा एअरबॅग्जची नव्हती. तरी दार लावताना येणारा आवाज आणि हायवेवर ट्रक शेजारून गेल्यावर गाडीचं स्थिर राहणं, यावर रात्री परतताना माझा टियागोवर जास्त भरवसा बसतो. हा माझ्या हातांचा अनुभव आहे, त्याला मी पुरावा म्हणत नाही.

घाटात मात्र फरक स्पष्ट आहे. गॅस हवेची जागा घेतो, म्हणून सीएनजीवर प्रत्येक इंजिनाची ताकद उतरते. टियागोचं १.२ लिटरचं इंजिन पेट्रोलवर ८६ पीएस (अश्वशक्ती) देतं, गॅसवर ७३. वॅगनआरचं एक लिटरचं पेट्रोलवर ६७, गॅसवर ५७. पसरणीच्या घाटात पाच माणसं घेऊन दोन्ही गाड्या मी चालवल्या आहेत. टियागो दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चढते. वॅगनआरला वळणावर पहिला टाकावा लागतो आणि एसी बंद केलेला बरा. सपाटीवर हा फरक जाणवतही नाही. दोन्ही इंजिनं तीन सिलिंडरची, त्यामुळे सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर असतेच. पेटीच्या भात्यावर हात ठेवल्यावर लागते तशी.

पंपाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे आणि ती दोन्ही गाड्यांना सारखीच लागू आहे. आम्ही जातो त्या पंपाला पाईपलाईन नाही, गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रक नुकताच आला असेल तर प्रेशर असतं आणि माझ्या वहीप्रमाणे आठ किलोच्या आसपास भरतो. संध्याकाळी ट्रक रिकामा होत आला की पाच-साडेपाच किलोवर काटा थांबतो. दीड तास रांगेत उभं राहून अर्धवट टाकी. पैसे भरलेल्या गॅसचेच घेतात, पण वेळ जातो, आणि साडेआठला कीर्तन उभं राहायचं असतं तेव्हा वेळच महत्त्वाचा असतो. पंपावर विचारलं तर उत्तर एकच, ‘गाडी येईल तेव्हा येईल.’ ट्रकची वेळ फळ्यावर लिहून ठेवायला काय लागतं? मी आता पहाटे जाते. हवा थंड असते, गॅसही जास्त बसतो. ज्यांच्या गावात असा पंप आहे त्यांनी गाडी निवडण्याआधी आठवडाभर त्या रांगेत उभं राहून बघावं.

सगळ्यात मोठा धडा मात्र मला आईने दिला. ती ७९ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात. टियागोत बसायचं तर तिला आधी वाकावं लागतं, मग खाली बसावं लागतं, मग पाय उचलून आत घ्यावे लागतात. उतरताना मी आणि वहिनी दोघी लागतो. वॅगनआर १,६७५ मिलिमीटर उंच आहे, टियागो १,५३५. हे १४ सेंटिमीटर मी कागदावर वाचले होते आणि सोडून दिले होते. दादाची गाडी आली त्या दिवशी आई दार उघडून कुणाचा हात न धरता आत बसली आणि म्हणाली, ‘अगं, ही तर खुर्चीसारखी आहे.’ वर्षभरात ती माझ्या गाडीत का येत नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. मी समजत होते, तिला फिरायचा कंटाळा आला आहे. तिने एकदाही सांगितलं नाही की बसायला त्रास होतो.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी आधी विचारते, घरात गुडघे दुखणारं कुणी आहे का? असेल तर वॅगनआर, आणि सामान मावलं नाही तर मागची सीट. नसेल आणि डिकीत रोज काही न्यायचं असेल, घाट असतील, तर टियागो. मी पुन्हा घ्यायची झाली तरी टियागोच घेईन, कारण माझं पोट पेटीवर आहे. पण आता आईचा विचार बाजूला ठेवून घेणार नाही. दादाची गाडी गल्लीत नसती तर माझं उत्तर वेगळं असतं.

आषाढीची गर्दी सुरू व्हायच्या आधी आईला पंढरपूरला जाऊन यायचं आहे. वॅगनआर मी घेऊन जाणार आहे, टियागो दोन दिवस दादाकडे राहील. किल्ली देताना त्याला फळी उचलून टाक्या दाखवायच्या आहेत. पेटी यावेळी घरीच.