एकच सोमवार, दोन पट्टे: रॉ बघावं की नायट्रो?

जुनी डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती, पुन्हा बघायचीय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण रेसलमेनिया या तिच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक कार्यक्रमाची यादी पुढे करतात. मी ४ जानेवारी १९९९ ची रात्र सुचवतो. त्या सोमवारी अमेरिकेत दोन कंपन्यांचे कार्यक्रम एकाच वेळी दोन चॅनेलवर लागले होते. यूएसए नेटवर्कवर विन्स मॅकमॅहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचं 'रॉ' आणि टीएनटीवर डब्ल्यूसीडब्ल्यूचं 'नायट्रो'. दोन्हीकडे शेवटच्या मॅचला वर्ल्ड टायटल होतं आणि दोन्हीकडे पट्टा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर गेला. एकीकडे लोक खुर्च्यांवर उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडले. दुसरीकडे अडतीस हजारांवर प्रेक्षकांना एका बोटात गुंडाळलं.

दोन्हीतलं एकच बघायला वेळ असेल तर रॉ बघा, यात मला शंका नाही. पण नायट्रोला सरळ फुली मारू नका. त्यात बघण्यासारखं काय आणि रिमोट हातात घेऊन पुढे ढकलण्यासारखं काय, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची ओळख डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवरून झालेली. रँक, उंची, वजन, छाती पाठ होतं. पण अमेरिकेत दोन कंपन्यांची अशी जुंपली होती, हे कळायला मार्गच नव्हता. नायट्रो सप्टेंबर १९९५ मध्ये सुरू झालं ते रॉची खोड मोडायलाच. १९९६ च्या उन्हाळ्यापासून एप्रिल १९९८ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ, रेटिंगमध्ये दर आठवड्याला नायट्रो पुढे असायचं आणि रॉ मागे. मग स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन आणि मालक मॅकमॅहन यांचं भांडण असं काही रंगलं की पारडं फिरलं. आपल्या या सोमवारी दोघांत चुरस होती, पण रॉ पुढे होतं.

आता वेळेचा हिशेब. रॉ दोन तासांचं, नायट्रो तीन तासांचं. कागदावर एका तासाचा फरक, प्रत्यक्षात फार मोठा. नायट्रोच्या त्या तिसऱ्या तासाने कंपनीचं किती नुकसान केलं यावर वेगळं लिहिता येईल. इतका वेळ भरायचा म्हणजे गप्पा, एन्ट्रन्स, पुन्हा गप्पा, आणि मध्येच कुणाची तरी कुणालाही नको असलेली मॅच. रॉमध्येही मधल्या कुस्त्या आटोपशीर आहेत, काही तर सुरू झाल्या म्हणेपर्यंत संपतात. निव्वळ कुस्ती, डाव, चपळाई यांसाठी बघणार असाल तर त्या काळात नायट्रो कित्येक पटींनी सरस होतं. रे मिस्टेरियो, बिली किडमन, हुवेंतूद गेरेरा अशी हलक्या वजनाची पोरं वरच्या दोरीवरून जे करायची, ते रॉमध्ये औषधालाही मिळत नव्हतं. फक्त त्यासाठी ही विशिष्ट रात्र निवडू नका. १९९७ मधलं कुठलंही नायट्रो उघडा.

ही रात्र बघायची ती शेवटच्या मॅचसाठी. आणि तिथेच खरी तुलना आहे.

नायट्रो त्या रात्री अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये होतं, थेट प्रक्षेपण. याच डोममध्ये सहा महिन्यांपूर्वी, ६ जुलै १९९८ ला, गोल्डबर्गने हल्क होगनला चितपट करून पट्टा जिंकला होता. गोल्डबर्ग तिथला घरचा गडी. जॉर्जिया विद्यापीठाकडून आणि मग अटलांटा फाल्कन्सकडून फुटबॉल खेळलेला. पुढे तो हरेनाच. १७३ विजय, पराभव शून्य, असा आकडा कंपनीने फुगवत नेला. आकडा खरा होता का, हा प्रश्न तेव्हाही लोक हसत विचारायचे. २७ डिसेंबरला स्टारकेड या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मोठ्या कार्यक्रमात केव्हिन नॅशने तो सिलसिला तोडला, तोही स्कॉट हॉलने विजेचा झटका दिल्यावर. म्हणजे ४ जानेवारीला लोक आले होते ते कशासाठी? गोल्डबर्ग आपल्या गावात, आपल्या डोममध्ये हिशेब चुकता करणार, यासाठी. तिकीट त्याचंच होतं.

आणि कंपनीने केलं काय? कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच गोल्डबर्गला पोलिसांकरवी उचललं. कार्यक्रमातल्याच मिस एलिझाबेथचा पाठलाग केल्याचा आरोप. मग रात्रभर पोलीस ठाण्यातले तुकडे दाखवत राहिले, एलिझाबेथची जबानी फिरत राहिली, आणि शेवटी त्याला सोडलं. पोलीस ठाणं म्हणे रस्त्यापलीकडेच होतं, तरी गडी पोहोचता पोहोचेना. हे सगळं बघताना मालिकेतल्या सासूचं कारस्थान परवडलं असं वाटतं. गोल्डबर्ग नाही, मग नॅशशी लढणार कोण? होगन, जो नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर निवृत्ती जाहीर करून बसला होता.

घंटा वाजते. नॅश होगनला कोपऱ्यात ढकलतो, पब्लिक गरजतं. होगन मूठ उगारल्यासारखं करतो, हात मागे नेतो, आणि बोट पुढे करून नॅशच्या छातीला टोचतो. बस. जवळपास सात फुटांचा नॅश गोळी लागल्यासारखा पाठीवर पडतो. होगन अंगावर आडवा, रेफरी तीन मोजतो, दोघे गळाभेट घेतात. एनडब्ल्यूओ, म्हणजे होगन-नॅशची फुटलेली टोळी, पुन्हा एक झाली. तेवढ्यात गोल्डबर्ग येतो, दोन-तीन जणांना आडवं करतो, लेक्स लुगर मदतीला आल्यासारखा येतो आणि उलटतो. मग सगळे मिळून त्याला धुतात आणि पाठीवर स्प्रेने रंग मारतात. कार्यक्रम संपला.

एवढं वाचून 'मग बघायचं कशाला' असं वाटेल. पण तो बोटाचा क्षण एकदा तरी संपूर्ण बघा, तुकडा नको; आधीच्या पंधरा मिनिटांसकट बघा. डोममधला आवाज कसा चढतो आणि बोट लागल्यावर त्याचं काय होतं, ते ऐका. खासबागेच्या मातीत असलं काही झालं असतं तर दोन्ही पैलवानांना मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं असतं. नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेल्या कुस्तीतही पैलवान दहा मिनिटं घाम गाळतात, एखादा डाव टाकतात, पट काढल्यासारखं करतात. समोरच्याने तिकीट काढलंय याची तेवढी तरी चाड असते. इथे तीही नव्हती. होगन तेव्हा ४५ चा, नॅश ३९ चा, आणि दोघांचा आव असा की आम्ही किती हुशार. बोटाचा विनोद त्यांच्या आपसातला होता, पैसे मात्र प्रेक्षकाचे.

आता रॉ. हे थेट नव्हतंच. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला २९ डिसेंबर १९९८ ला रेकॉर्ड झालेलं. इंटरनेट असलेल्या माणसाला निकाल आधीच माहीत होता. आणि हीच गोष्ट डब्ल्यूसीडब्ल्यूला हत्यारासारखी वाटली. नायट्रोचा समालोचक टोनी शिव्हॉनी याने वरून आलेल्या हुकमानुसार थेट प्रक्षेपणात सांगून टाकलं की तिकडे मिक फोली वर्ल्ड टायटल जिंकणार आहे, पूर्वी आपल्याकडे कॅक्टस जॅक म्हणून लढायचा तोच. वर टोमणा मारला की यामुळे म्हणे खुर्च्या भरतील! कल्पना अशी की निकाल कळल्यावर तिकडे कोण जाणार. झालं उलटंच. ऐकता ऐकता लाखो घरांत चॅनेल बदललं गेलं. त्या रात्रीचं रेटिंग रॉ ५.७, नायट्रो ५.०. पुढे कित्येक महिने लोक रॉला फलक घेऊन यायचे, की मिक फोलीमुळेच मी या खुर्चीत बसलोय.

का बदललं चॅनेल? फोली कोण, हे कळल्याशिवाय रॉची ही कुस्ती निम्मीच पोचते, म्हणून थोडं थांबतो. पोट सुटलेला, केस पिंजारलेला, तोंडावर चामड्याचा मुखवटा लावून फिरणारा हा माणूस. डब्ल्यूसीडब्ल्यूत असताना १९९४ मध्ये जर्मनीत व्हेडरशी लढताना दोरीत अडकून त्याचा कान गेला. जून १९९८ मध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याला पिंजऱ्याच्या छतावरून, सुमारे सोळा फुटांवरून, समालोचकांच्या टेबलावर फेकलं, आणि तो उठून परत वर चढला. असा माणूस चॅम्पियन होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, कारण चॅम्पियन म्हणजे होगनसारखा पिळदार, किंवा द रॉकसारखा देखणा. नोव्हेंबरमध्ये सर्व्हायव्हर सीरिज या कार्यक्रमात मॅकमॅहनने मॅनकाइंडला (फोली डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये याच नावाने लढायचा) फसवून रॉकला पट्टा दिला होता. म्हणजे कथानकात जखम ताजी होती.

रॉच्या त्या भागात मॅनकाइंड मालकाच्या पोराला, शेनला, धरून ठेवतो आणि बापाकडून टायटल मॅच वसूल करतो. साधी सरळ गोष्ट. कुणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, हे पहिल्यांदा बघणाऱ्यालाही दोन मिनिटांत कळतं. नायट्रोच्या पोलीस ठाण्याशी याची तुलना करून बघा.

मॅचला दोन्ही बाजूंना टोळ्या उभ्या: रॉककडे मॅकमॅहनची कॉर्पोरेशन, मॅनकाइंडकडे डीएक्स. नो डिस्क्वालिफिकेशन, म्हणजे रान मोकळं. कुस्ती म्हणून अफाट नाही, भांडणच आहे. मग केन शॅमरॉक मॅनकाइंडला खुर्ची हाणतो, डीएक्सचा बिली गन शॅमरॉकवर तुटून पडतो, सगळे एकमेकांत. आणि त्या गोंधळात काच फुटल्याचा आवाज. ऑस्टिनचं संगीत. हा क्षण हेडफोन लावून ऐका. वूस्टरचं ते पब्लिक जे करतं त्याला टाळ्या म्हणत नाहीत. ऑस्टिन येतो, खुर्ची रॉकच्या डोक्यात घालतो, मॅनकाइंडला ओढून त्याच्या अंगावर टाकतो, एक, दोन, तीन. डीएक्सवाले फोलीला खांद्यावर घेतात, आणि तो माइक घेऊन विजय आपल्या घरच्या चिमुरड्यांना वाहतो. हे सगळं ठरवून केलेलं, हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आता एक गंमत. एक शेवट बाहेरच्याच्या मदतीने, दुसरा हरणाऱ्याच्याच मर्जीने, दोन्ही आधीच ठरलेले. स्वच्छ विजय एकीकडेही नाही. तरी एक पचतो आणि दुसरा पचत नाही. रॉने प्रेक्षकाला दीड महिना जे नाकारलं ते त्या रात्री हातात दिलं. नायट्रोने जे देऊ केलं होतं, तेच दारातून परत नेलं. बाकी समालोचन, प्रकाशयोजना, ध्वनी यांतले फरक मला गौण वाटतात. रॉला त्या वेळी नेहमीचा समालोचक जिम रॉस आजारी, म्हणून त्याच्या जागी मायकल कोल आहे. तो तेव्हा नवखा होता आणि ते जाणवतं, पण शेवटच्या मॅचला त्याचा आवाज फाटतो तो खरा वाटतो.

'त्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यू मेली' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळेल. ते जरा बेतानेच घ्या. ती कंपनी त्यानंतरही दोन वर्षांहून जास्त चालली; मार्च २००१ मध्ये मॅकमॅहनने ती विकत घेतली आणि शेवटचं नायट्रो २६ मार्चला झालं. तिला मारणारी कारणं बरीच होती, पैशांची उधळपट्टी धरून. बोट हे त्यातलं सगळ्यांना लक्षात राहिलेलं कारण.

मग ठरवायचं कसं? कुस्तीचा गंधही नसलेल्या मित्राला किंवा बायकोला, नवऱ्याला सोबत बसवणार असाल तर रॉ, आणि मधलं पुढे ढकलून शेवटचा अर्धा तास. लहानपणी पत्ते खेळलेले असाल तर रॉ संपूर्ण बघा. सगळे चेहरे ओळखीचे भेटतील. टीव्हीवर गोष्ट कशी सांगावी, कशी सांगू नये, याचं कुतूहल असेल तर आधी नायट्रोचा शेवटचा तास आणि लगेच रॉचा. क्रम उलटा करू नका. रॉनंतर नायट्रो बघवत नाही. आणि शुद्ध कुस्ती हवी असेल तर, वर म्हटल्याप्रमाणे, दोन्ही सोडा.

पोरांसोबत बघायचं असेल तर थोडा विचार करा. तेव्हाचं रॉ तोंडाने फाटकं होतं, बायकांना दाखवण्याची रीत आज डोळ्यांत खुपते. शिवाय डोक्यात थेट खुर्ची घालणं तेव्हा रोजचं होतं. मेंदूच्या दुखापतींबद्दल कळल्यावर कंपनीने ते २०१० मध्ये बंद केलं. हा भाग आवडला म्हणून ओघात पुढचा, २४ जानेवारी १९९९ चा रॉयल रंबल लावाल, तर त्यात हेच दोघे पुन्हा आहेत. फोलीचे हात मागे बेड्यांत, आणि रॉकची खुर्ची एकामागून एक डोक्यावर. तो मी एकदा बघितला, पुन्हा लावलेला नाही.