ट्रूव्ह्यूचे आठ महिने: ऑफिसात ऑटोकॅड 2016, येणाऱ्या फायली त्यापुढच्या

आमचं आरसीसी डिझाइनचं छोटं ऑफिस. दोन संगणक, दोन्हींवर ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड 2016, आणि ते आमच्या मालकीचं. 2016 च्या सुरुवातीला कायमचे परवाने विकणं बंद झालं आणि दरवर्षी भाडं भरायची पद्धत आली, त्याच्या जरा आधी घेतलेलं. कॉलम, बीम, फूटिंग काढायला ते आजही पुरून उरतं, त्यामुळे बदलायचा विचार कधी केला नाही. अडचण आली ती बाहेरून येणाऱ्या फायलींची, आणि त्यातूनच ट्रूव्ह्यू आलं, म्हणजे ऑटोकॅडच्या फायली पाहायचं आणि जुन्या व्हर्जनला उतरवायचं सॉफ्टवेअर.

एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून नवीन बंगल्याचा प्लॅन आला. उघडायला गेलो तर उत्तर एवढंच, की ड्रॉइंग फाइल व्हॅलिड नाही. व्हर्जनबद्दल एक शब्द नाही. मी समजलो फाइल बिघडली. पुन्हा मागवली, रिकव्हर करून पाहिलं, पेन ड्राइव्हवर आणवली. अर्धा दिवस गेला. शेवटी आमचा ड्राफ्ट्समन म्हणाला, ‘‘सर, नोटपॅडमध्ये टाकून बघू का?’’ मला वाटलं थट्टा करतोय. पण त्यानं फाइल नोटपॅडमध्ये उघडली, खाली सगळा कचरा, आणि अगदी सुरुवातीला सहा अक्षरं स्वच्छ: एसी1032. तिथंच कळलं. एसी1032 म्हणजे 2018 किंवा त्यापुढचं ऑटोकॅड. आमचं 2016 एसी1027 पर्यंतच वाचतं, म्हणजे 2013 ते 2017 या काळातली फाइल. त्याखाली एसी1024 ही 2010 ते 2012 ची आणि एसी1021 ही 2007 ते 2009 ची. हे चार आकडे आता आमच्या भिंतीवर चिकटवलेत. (नोटपॅड बंद करताना चुकूनही सेव्ह करू नका, नाहीतर फाइल खरोखरच बिघडेल.)

मग ट्रूव्ह्यू घेतलं. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचंच आहे, फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं. डाउनलोड भलंमोठं, रात्री लावून झोपलो. एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. आमच्याकडे जुनं ट्रूव्ह्यू पडलेलं होतं, आणि तेही या फायलींसमोर ऑटोकॅडइतकंच आंधळं. पाहणारं सॉफ्टवेअरसुद्धा फाइलच्या पिढीचं किंवा त्यापुढचं लागतं.

काम सोपं आहे. त्यातलं डीडब्ल्यूजी कन्व्हर्ट उघडायचं (डीडब्ल्यूजी म्हणजे ऑटोकॅडची फाइल), फायली टाकायच्या, कुठल्या व्हर्जनला उतरवायचं ते निवडायचं, झालं. 2018 च्या फाइलवरून 2013 ला उतरताना आमच्या साध्या प्लॅनमध्ये आठ महिन्यांत काहीही गळालेलं दिसलं नाही. भिंती, लेयर (म्हणजे ड्रॉइंगचे थर), मापं, ब्लॉक (एकत्र बांधलेली तयार चित्रं) सगळं जिथल्या तिथं. नुसतं पाहायचं, मोजायचं किंवा प्रिंट काढायचं असेल तर कन्व्हर्टही करावं लागत नाही, ट्रूव्ह्यूमधूनच होतं. रेघ मात्र एकही मारता येत नाही.

जास्त खाली उतरलं की खरी गंमत. आमच्या एका ठेकेदाराकडे अजून ऑटोकॅड 2007 आहे. त्याला 2007 ची फाइल करून दिली, तर बाणांसकट लिहिलेल्या नोट्स त्याला दिसायच्या, पण हलवता येईनात. तो मल्टीलीडर, आणि मल्टीलीडर आला 2008 मध्ये. स्केलप्रमाणे आकार बदलणारी अक्षरंही 2008 चीच. ती खाली उतरवल्यावर मूळ लेयरच्या नावापुढे आकडा लागलेले भलतेच नवे लेयर त्याच्या यादीत उगवले. ‘‘साहेब, हे लेयर कुणी वाढवले?’’ म्हणून त्याचा फोन. आता त्याला पीडीएफ देतो.

आता आमची चूक सांगतो, कारण ट्रूव्ह्यू घेणाऱ्या प्रत्येकाची ती होऊ शकते. त्यातले तयार पर्याय ‘इन-प्लेस’ असतात, म्हणजे कन्व्हर्ट झालेली फाइल मूळ फाइलच्याच जागी बसते, त्याच नावानं. आम्ही तीन महिने तसंच केलं. मग आर्किटेक्टकडून सुधारित प्लॅन आला, नाव तेच. त्यात जिना उत्तरेकडे सरकवलेला. ड्राफ्ट्समननं एका संगणकावर तो कन्व्हर्ट केला, दुसऱ्या संगणकावर आधीचा कन्व्हर्ट केलेला होताच, आणि मी काम केलं ते आधीच्यावर. नाव एक, आयकॉन एक, फाइल दोन. फूटिंगची प्रिंट साइटवर गेली. आखणी सुरू होती म्हणून वाचलो. मिस्त्रींच्या हातात आर्किटेक्टचीही प्रिंट होती, त्यांनी फोन केला, ‘‘साहेब, तुमचा जिना आणि त्यांचा जिना वेगवेगळ्या बाजूला आहे, खड्डा कुठं मारू?’’

त्या दिवशी कन्व्हर्जनचा सेटअप बदलला. आता फायली वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, नावापुढे तारीख लागते, मूळ फाइलला कुणी हात लावत नाही.

एक्स्टर्नल रेफरन्सचीही, म्हणजे ड्रॉइंगला बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या फायलींचीही, काळजी घ्या. पाठवणारा नुसती मुख्य फाइल धाडतो आणि जोडलेली ग्रिडची फाइल त्याच्याकडेच राहते. ट्रूव्ह्यू जे मिळेल ते कन्व्हर्ट करतं, आणि ग्रिड दिसतच नाही. त्यासाठी पाठवणाऱ्यालाच ई-ट्रान्समिट, म्हणजे जोडलेल्या सगळ्या फायली एकत्र बांधून देणं, करायला सांगावं लागतं.

ढिगानं फायली असतील तर मी आता ओडीए फाइल कन्व्हर्टर लावतो. तेही फुकट. चित्र काहीच दाखवत नाही, फक्त एक फोल्डर आत, दुसरं बाहेर. मॅक आणि लिनक्सवरही चालतं. जुन्या चाळीस ड्रॉइंगचं काम चहा होईपर्यंत उरकलं. एक-दोन फायलींसाठी मात्र ट्रूव्ह्यूच, कारण उतरवलेली फाइल तिथंच डोळ्यांनी पाहता येते.

ऑनलाइन कन्व्हर्टरच्या वाटेला गेलो नाही. कुणाच्या तरी घराचा पूर्ण प्लॅन अनोळखी सर्व्हरवर चढवणं मला पटत नाही.

खरा उपाय पाठवणाऱ्याच्या टोकाला आहे. ऑप्शन्समध्ये ओपन अँड सेव्हच्या टॅबवर ‘सेव्ह अॅज’ 2013 करून ठेवलं की त्यांचं काही अडत नाही आणि आमचा त्रास वाचतो. त्या आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या ताईंना फोनवर सांगितलं, त्यांनी दोन मिनिटांत केलं. गेल्या महिन्यात तिथला संगणक बदलला, आणि परवा आलेली फाइल नोटपॅडमध्ये टाकली तर पुन्हा एसी1032. ताईंना उद्या फोन करायचाय.