प्रोग्रामिंग लॅबसाठी ओएसटिकेट: सत्रभर वापरल्यानंतर

व्हॉट्सॲप ग्रुपवर वाहून जाणाऱ्या शंका एका जागी आणायच्या तर ओएसटिकेट पुरेसं आहे: प्रत्येक शंका ‘तिकीट’ म्हणून नोंदवून तिला उत्तर द्यायची ही वेब प्रणाली. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं. पण जसं येतं तसंच ठेवलं तर लॅबच्या कामाचं नाही. मूळ फॉर्म ऑफिसातल्या तक्रारींसाठी बेतलेला: विषय, तपशील, संपलं. रत्नागिरीत डिप्लोमाच्या मुलांसाठी तो तसाच सुरू केला की तिकीट येतं, ‘सर, प्रोग्राम चालत नाही’, आणि सोबत मोबाईलने काढलेला मॉनिटरचा फोटो. ट्यूबलाइटची चमक नेमकी एररच्या ओळीवर.

म्हणून पहिलं काम फॉर्मचं. ॲडमिन पॅनलमध्ये मॅनेजखाली फॉर्म्समध्ये नवा फॉर्म करा आणि तो ‘सी’, ‘पायथन’, ‘जावा’ अशा प्रत्येक हेल्प टॉपिकला (तिकीट देताना निवडायच्या विषयाला) जोडा. विद्यार्थ्याने टॉपिक निवडला की खाली तोच फॉर्म उघडतो. रकाने असे: कंपायलर किंवा पायथनची आवृत्ती, एरर जशीच्या तशी कॉपी करून, दिलेला इनपुट, अपेक्षित आउटपुट, प्रत्यक्ष आलेलं आउटपुट, आणि सोर्स फाइल. सगळे विद्यार्थ्यासाठी सक्तीचे. अपवाद एररच्या रकान्याचा, कारण चुकीचं उत्तर देणारा प्रोग्राम एरर देतोच असं नाही. फाइलच्या रकान्यात सोर्स फाइल आणि टेक्स्ट एवढेच प्रकार चालू ठेवा, फोटो बंद. फोटोतली एरर शोधात सापडत नाही आणि कॉपीही करता येत नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. तरी हा एक बदल बाकी सगळ्या सेटिंग्जपेक्षा मोलाचा, कारण ‘अपेक्षित’ आणि ‘प्रत्यक्ष’ शेजारी शेजारी लिहिताना बऱ्याच जणांना चूक स्वतःच दिसते आणि तिकीट पाठवायची वेळच येत नाही.

उरतात ती तिकिटं मग खरंच वाचण्यासारखी असतात. सी मधलं नेहमीचं गिऱ्हाईक: ‘वय विचारतो, नाव विचारतच नाही.’ इनपुटच्या रकान्यात १९, प्रत्यक्षच्या रकान्यात रिकामं नाव. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफने १९ उचलले, एंटरचं अक्षर बफरमध्येच, म्हणजे इनपुटच्या तात्पुरत्या साठ्यात राहिलं, आणि पुढच्या, पूर्ण ओळ वाचणाऱ्या एफगेट्सने ती रिकामी ओळ म्हणून वाचून टाकली. अशा शंकांसाठी तयार उत्तरं साठवायची सोय आहे. त्यात सरळ उत्तर न घालता ‘१९ नंतर दाबलेली एंटर कुठे गेली?’ एवढाच प्रश्न ठेवलेला बरा. दुरुस्त कोड दिला की तोच कोड दुसऱ्या दिवशी अर्ध्या बॅचच्या जर्नलमध्ये. शिक्षकांनी आपसात बोलायचं ते इंटर्नल नोटमध्ये लिहावं, ती विद्यार्थ्याला दिसत नाही. फक्त पाठवण्याआधी वरचा टॅब बघायची सवय हवी.

पायथनची तक्रार वेगळी. रिच टेक्स्ट एडिटरमध्ये कोड चिकटवला की ओळीच्या सुरुवातीच्या जागा विस्कटतात, आणि पायथनमध्ये त्या जागा हाच तर अर्थ. सिस्टिम सेटिंग्जमध्ये रिच टेक्स्ट बंद करता येतं, पण मग उत्तरात ठळक अक्षरं वगैरे काही राहत नाही. त्यापेक्षा कोड फाइलनेच मागवा. कोडला रंग देणं किंवा तिथल्या तिथे चालवून बघणं यात नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका.

ईमेलकडे मात्र लक्ष ठेवा. पोच आणि विभागातल्या सर्वांना जाणारी सूचना चालू असेल तर एक तिकीट आलं की विद्यार्थ्याला पोच जाते आणि विभागातल्या प्रत्येक शिक्षकाला सूचना. पाच शिक्षक असतील तर उत्तर धरून एका तिकिटामागे सात मेल. साध्या जीमेल खात्याची मर्यादा दिवसाला ५००. सबमिशनच्या आठवड्यात सत्तर-ऐंशी तिकिटांतच ती संपते आणि मग उत्तरं अडकतात. विभागातल्या सर्वांना जाणारी सूचना बंद करा आणि हेल्प टॉपिकमधूनच तिकीट थेट त्या विषयाच्या शिक्षकाकडे वळवा. जीमेल जोडताना नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲप पासवर्ड किंवा ओऑथ (पासवर्ड न देता गूगलकडून परवानगी घेणारी पद्धत) लागतं. मेलवरून तिकिटं घ्यायची असतील तर सर्व्हरवर क्रॉन (ठरावीक वेळाने काम आपोआप चालवणारी सोय) लावा. नाहीतर मेल पडून राहतात.

उत्तराची मुदत मुळात १८ तास असते. वेळापत्रक जोडलं नाही तर रविवारीही घड्याळ चालू, आणि गणपतीत तर सगळी तिकिटं मुदत उलटून लाल. घराघरात गणपती असताना उत्तर द्यायला कोण बसणार? ओएसटिकेटच्या १.१४ आवृत्तीपासून शेड्यूलमध्ये सुट्ट्या घालता येतात. त्या सत्राच्या सुरुवातीलाच भरा आणि टाइमझोन कोलकाता आहे ना ते तपासा.

सर्व्हर लॅबमध्ये ठेवावा की बाहेर? लॅबमध्ये ठेवला तर पावसात फायबर तुटली तरी प्रॅक्टिकल अडत नाही. पण लांजा-राजापूरला घरी गेलेल्या मुलाला रात्री तो मिळत नाही, आणि खऱ्या शंका रात्रीच येतात. त्यामुळे छोटा भाड्याचा सर्व्हर बरा. विद्यार्थ्यांची बाजू मोबाईलवर चालून जाते. शिक्षकांचं पॅनल मात्र डेस्कटॉपसाठीच केलेलं, एसटीत बसून उत्तरं द्यायचा विचार सोडा.

बॅकअप घेताना एक ध्यानात असू द्या: जोडलेल्या फाइली मुळात डेटाबेसमध्येच साठतात. फोटो चालू ठेवले तर डेटाबेसचा डंप (बॅकअपची फाइल) झपाट्याने फुगतो. फाइली बाहेर फोल्डरमध्ये ठेवणारं प्लगइन आहे, पण ते लावलं की त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

ओएसटिकेट १.१८ पीएचपी ८.२ वर नीट चालतं. इन्स्टॉल झाल्यावर सेटअप फोल्डर काढून टाका आणि कॉन्फिग फाइलची परवानगी ०६४४ (लिहिणं फक्त मालकाला, बाकीच्यांना वाचणं) करा.

वीस-पंचवीस मुलं आणि एकच शिक्षक असेल तर एवढा खटाटोप नको, एक सामायिक शीट पुरते. दोन-तीन विषय, दोन-तीन शिक्षक आणि तीच शंका दरवर्षी नव्याने येणारी बॅच असेल तर जरूर घ्या.