जादूचा शोषखड्डा, सव्वा वर्ष वापरून सांगतोय

सांडपाणी जमिनीत मुरवायच्या ह्या खड्ड्याला 4 स्टार, मिस्त्रीला 1, तोबी पोरगा उन्हात राबला म्हणून.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सगळी काळी माती. घरात सहा माणसं, न्हाणीचं, भांड्याचं, धुण्याचं धरून रोज अडीचशे लिटर पाणी तर आरामात जातंय अन् ते सगळं दारापुढच्या नालीत. नालीला उतारच नाही, पाणी जागच्या जागी हिरवं व्हायचं, त्यावरून आमची माय अन् शेजारच्या काकू यांचं रोजचं सुरू. दाजी नांदेडकडचे, ते म्हणले हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघर हे खड्डे केलेत, मच्छर गेले म्हणून गावाचं नाव झालं, तू कामून थांबलास. रोजगार हमीतूनबी शोषखड्डा मिळत होता पण मला दम नव्हता, तालुक्याहून मिस्त्री आणला अन् टाकी, दगड, मजुरी मिळून साडेचार हजार मोजले.

चार बाय चार बाय चार फुटाचा खड्डा, मधी सिमेंटची टाकी, टाकीला वरच्या अंगाला भोकं, भोवती दगड, खाली मोठे अन् वर बारीक. पाणी आधी टाकीत येतं, गाळ बुडाला बसतो, वरचं नितळ पाणी भोकातून दगडात जाऊन जमिनीत मुरतं. जादू म्हणतात ती एवढीच, साध्या खड्ड्यात गाळ थेट दगडात जाऊन बसतो अन् खड्डा तुंबतो.

आता मिस्त्रीचं. चार फूट म्हणजे चारच फूट, त्याखाली एक टोपलं माती काढंना. अरे पण आमच्याकडं चार फुटाला काळीच आहे, काळीत पाणी मुरतं का? पहिल्याच पावसाळ्यात मोरीतून पाणी उलटं वर आलं, माय भांडे घासता घासता त्याच्या सात पिढ्या काढायली. फोन लावला तर साहेब आउट ऑफ कव्हरेज. शेवटी मी अन् चुलतभावानं सगळे दगड उपसले, साडेसहा फुटावर मुरूम लागला, तिथून पुन्हा भरला, तवापासून एकदाबी तुंबला नाही. खड्ड्याच्या आधी जाळीचा चेंबरबी त्यानं खाल्ला होता, तो नसला की केस, भात अन् तेलकट चिकटा टाकीत जातो. चेंबर आम्हीच बांधला, आठवड्याला जाळी धुवावी लागती, त्या कामाला घरात कुणी हात लावत नाही, मीच धुतो.

संडासाचा पाइप ह्यात सोडू नका. आमच्या गल्लीत एकानं सोडला, वास विचारू नका, अन् बोअर तिथून वीस पावलावर. संडासाला दोन खड्ड्याचंच बरं, एक भरला की दुसरा चालू, पहिल्याचं दीड-दोन वर्षात खत होतं.

मच्छर कमी झाले, शंभर टक्के गेले नाहीत. नालीतले गेले, पण डेंगीचा डास साफ पाण्यात होतो अन् आमच्याकडं नळ आठवड्याला, त्यामुळं ड्रम भरलेलेच, तिथं खड्डा काय करणार. टेंभुर्णीसारखं व्हायचं तर सगळ्या गल्लीनं करावं लागतंय. सरकारनं स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 वस्तीपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत धरले होते, आमच्या सहा जणांचे 1680, एवढ्यात मुरूम लागंपर्यंत खांदून दाखवावं कुणी.

काकूंनाबी आता खड्डा पाहिजे. मुरूम लागंपर्यंत खांदणारा मिस्त्री कुणाच्या ओळखीत असला तर खाली सांगा, दिवाळीआधी काम आहे.