कर्ज दादाचं, नोटीस माझ्या दारावर

फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा. राहते मी. कर्ज दादाच्या धंद्याचं: कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याला लागेल तसं उचलायचं कर्ज, 38 लाख 50 हजार. आज थकबाकी 43,72,416 रुपये, आणि तारण माझं राहतं घर. त्यातला एक रुपया माझ्या खात्यात आलेला नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण "तुलाही काहीतरी मिळालं असेल" हे ऐकून झालंय.

सोसायटीच्या नॉमिनेशनचे आणि घराच्या विम्याचे फॉर्म, असं सांगून दादाने गठ्ठा पुढे ठेवला. सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या. दोन फोटो, पॅनची झेरॉक्स. फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट "स्कॅन करून आणतो" म्हणून नेलं आणि परत दिली ती फोल्डरमधली कलर झेरॉक्स. (मूळ कागद शेवटचे कधी हातात घेतले होते, आठवतंय? बघा जरा.)

मग "विम्याची माणसं" आली. एकाने टेप लावून खोल्या मोजल्या, विजेच्या मीटरचा नंबर टिपला, दारावरच्या पाटीचा फोटो काढला. दुसरा विचारतो, "बाल्कनीची भिंत काढलीय, परवानगी आहे ना? भाडेकरू वगैरे कुणी?" विमावाल्याला भाडेकरूशी काय देणंघेणं! तो प्रश्न आजही डोक्यातून जात नाही. आणि मी त्यांना चहा विचारत होते. पण दादा शेजारी उभा, उत्तरं तोच देतोय. सख्ख्या भावासमोर कोण ओळखपत्र मागतं? तुम्ही मागितलं असतंत?

कर्ज थकल्याची पत्रं त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर जात राहिली. मला मिळाली ती थेट सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा कायदा) 60 दिवसांची नोटीस.

बँकेत साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: जामिनाचे आणि तारणाचे कागद. "मॅडम, सही तुमचीच ना?" आधी दादाकडून वसूल करा म्हटलं, तर कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 128 ऐकवलं: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. मंजुरीपत्राची प्रत मागितली तर "कर्जदाराचं पत्र आणा"! जामीनदार म्हणून वसुली माझ्याकडून, कागद मात्र त्याला विचारून. पोलीस ठाण्यात: "भावाविरुद्ध तक्रार देताय ताई? हे सिव्हिल आहे, घरात बसून मिटवा." वकील म्हणाले, सिव्हिल कोर्टाला सरफेसीचं कलम 34 आड येतं, डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जा. डीआरटीत जायचं तर बँकेने ताब्याचं पाऊल आधी उचलायला हवं, नुसत्या नोटिशीवर अर्ज चालत नाही. म्हणजे घर जायला लागलं की मग या! त्या 60 दिवसांत लेखी हरकत घ्या, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला दोन ओळींचं आलं: हरकत अमान्य. मग ताब्याची नोटीस दारावर चिकटली, दोन पेपरांत छापून आली, माझ्या पूर्ण नावासकट. वॉचमनने माझ्याआधी वाचली.

तिथून डीआरटीतल्या अर्जाला 45 दिवस मिळतात, ते वकील शोधण्यात घालवू नका.

जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं आणि पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. हे मला बँकेने, सोसायटीने, कुणी म्हणजे कुणीही सांगितलं नाही. घर तारण आहे का, ते सरसाईच्या (CERSAI, तारणांची केंद्रीय नोंदणी) साइटवर थोडी फी भरून कुणालाही शोधता येतं.

आणि एक. सहमालकाने तुमच्या सहीशिवाय कर्ज घेतलं असेल, क्रेडिट कार्ड, हातउसने काहीही, तर वसुली त्याच्या हिश्श्यापुरतीच. घाबरून तडजोडीच्या कागदावर सही करू नका, त्या सहीनेच तुम्ही अडकाल. त्याचा हिस्सा परक्याने घेतला तरी कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरात तो सरळ राहायला येऊ शकत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि तेव्हा तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीत विकत घ्यायचा हक्क तुम्हाला असतो. माझी सही झालेली, त्यामुळे मला याचा उपयोग शून्य.

अर्ज दाखल आहे, स्टे नाही. बँकेने लिलावाची राखीव किंमत 61 लाख लावलीय. काल दादाचा मेसेज आला: "लिलावात भाव जास्त येईल, उरलेले तूच ठेव."