टोयोटा जीआर यारिस कन्व्हिनियन्स पॅकवाली घ्यावी की सर्किट पॅकवाली? वर्षभराच्या वापरानंतरचं मत

गेल्या महिन्यात सर्व्हिस सेंटरवाल्याशी रिमवरून माझं चांगलंच वाजलं. त्या निमित्ताने बरेच दिवस मनात असलेलं आज लिहून काढते. गाडी म्हणजे टोयोटाची जीआर यारिस, चारही चाकांना जोर देणारी छोटी, वेगवान हॅचबॅक. आकडे लागतील तेवढेच सांगते.

झालं असं, की फेब्रुवारीच्या पावसात इंग्लंडमधल्या बकिंगहॅमकडच्या आडरस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही आणि पुढचं डावं चाक त्यात दाणकन आदळलं. टायर वाचला, पण साठ मैलांच्या पुढे स्टीअरिंग थरथरू लागलं. सर्व्हिस सेंटरमध्ये चाक खाली न काढताच निकाल लागला: "फोर्ज्ड रिम आहे, दुरुस्त होत नाही, नवीन घ्या." फोर्ज्ड म्हणजे ओतीव नव्हे, दाबून घडवलेली. किंमत ऐकून मी म्हटलं, आधी चाक काढा, मशीनवर फिरवा आणि वाक कुठे आहे ते मला दाखवा. बरीच हुज्जत घातल्यावर दाखवलं. आतल्या कडेला अंगठ्याएवढा चेप होता. ते चाक घेऊन मी तडक रिम दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने आतली बाजू घासून स्वच्छ केली, लाल द्रव लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वरून पांढरी पावडर फवारली. भेग असती तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. उमटली नाही. मग चाक सरळ केलं आणि तीच तपासणी पुन्हा केली. नव्या रिमच्या मानाने खर्च किरकोळ झाला. ज्यांच्याकडे ही बीबीएस कंपनीची चाकं आहेत त्यांनी "दुरुस्त होत नाही" हे वाक्य तपासणीशिवाय अजिबात ऐकून घेऊ नये. भेग निघाली तर मात्र चाक सरळ भंगारात, तिथे काटकसर नको.

आता मूळ प्रश्न. ब्रिटनमध्ये ही गाडी आली तेव्हा साधी २९,९९५ पौंडांना, कन्व्हिनियन्स पॅकसह ३२,१७५ला आणि सर्किट पॅकसह ३३,४९५ला होती. दोन्ही पॅक एकाच गाडीत मिळत नव्हते. म्हणजे पुढेमागे टॉर्सन डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत इंजिनाचा जोर गिअरने वाटणारी यंत्रणा), फोर्ज्ड चाकं, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस टायर आणि कडक सस्पेन्शन हवं म्हणून सर्किट पॅक घेतला तर कन्व्हिनियन्स पॅकमधले पार्किंग सेन्सर, हेड-अप डिस्प्ले (समोरच्या काचेवर वेग दाखवणारा) आणि जेबीएलचे स्पीकर विसरायचे. मी सेकंडहँड सर्किट पॅकवाली घेतली. नॉर्दॅम्प्टनला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराकडे कन्व्हिनियन्स पॅकवाली आहे. मधे काही आठवडे आम्ही गाड्यांची अदलाबदल केली होती, त्यामुळे खाली लिहिते ते दोन्ही गाड्या रोज चालवून लिहिते.

इंजिन दोन्हीकडे तेच: तीन सिलिंडर, १.६ लिटर, २६१ पीएस (अश्वशक्ती), ३६० न्यूटन मीटर टॉर्क. कार्बनचं छप्पर तेच. आणि लक्षात ठेवा, ब्रेकही तेच. पुढे ३५६ मिलिमीटरची डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग). सर्किट पॅकमध्ये कॅलिपर लाल रंगवलेले आहेत, एवढाच फरक. सेकंडहँड बाजारात त्या लाल रंगाकडे बोट दाखवून "मोठे ब्रेक" म्हणून सांगणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दोन्ही गाड्यांत सारखाच असलेला, आणि मला रोज छळणारा दोष म्हणजे आतला आरसा. सीट उंच, त्यामुळे आरसा बरोबर डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्याच्या मागे कॅमेऱ्याचं खोकं, खाली डॅशबोर्डवर उभा स्क्रीन. या दोघांच्या मधे जी पट्टी उरते तिच्यातून डावीकडचं बघायचं. मिल्टन कीन्स शहरात दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचा गोल चौक, आहे. आत शिरताना गाडी डावीकडे वळते आणि नेमका डावा एक्झिट आरशामागे जातो. चढावरच्या डाव्या वळणाला तर अख्खी समोरची गाडी त्यामागे लपते. मी मान पुढे काढून, कधी खाली वाकवून बघते. सीट सगळ्यात खाली करून पाहिली, आरसा फिरवून पाहिला. माझी उंची बेताची आहे तरी हा त्रास, उंच माणसाने तर टेस्ट ड्राइव्हला निदान दहा राउंडअबाउट घ्यावेतच. हा नुसता माझा हट्ट नाही. २०२४च्या सुधारित गाडीत २८० पीएस आणि ३९० न्यूटन मीटर आले, आणि त्याच वेळी सीट २५ मिलिमीटर खाली गेली, आरशाची जागाही बदलली. इंजिनाची ताकद वाढली नसती तरी मला चाललं असतं. त्या २५ मिलिमीटरसाठी मी पैसे मोजले असते.

पहिले काही महिने माझं मत कन्व्हिनियन्स पॅकच्या बाजूने झुकलेलं होतं. उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर, रोजच्या वेगात टॉर्सन आहे की नाही हे कळतही नाही. कळतं ते कडक सस्पेन्शन. ठिगळं मारलेल्या गावरस्त्यावर गाडी सतत उसळते आणि मागे बसलेला मुलगा कुरकुरतो. दिराच्या गाडीत तोच रस्ता सुसह्य वाटतो, बोलणंही नीट ऐकू येतं. पार्किंगमध्ये त्याची गाडी सेन्सर वाजवून सांगते, माझ्या गाडीत पुढच्या बंपरचा अंदाज स्वतःच घ्यावा लागतो.

हिवाळा लागला आणि मत बदलत गेलं. ओल्या राउंडअबाउटमधून बाहेर पडताना दिराच्या गाडीत अॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला की वळणाच्या आतल्या बाजूचं पुढचं चाक पकड सोडून गरगरतं. इलेक्ट्रॉनिक्स लगेच त्या चाकाला ब्रेक लावतं आणि गाडी क्षणभर अडखळते. त्याच जागी माझी गाडी नुसती पुढे ओढली जाते. टॉर्सनमधले गिअर चाक असं गरगरायला लागायच्या आतच जास्त जोर बाहेरच्या चाकाकडे देतात, कुणी ब्रेक लावायची वाट बघत नाहीत. पावसात मी गाडीच्या मोडपैकी ट्रॅक मोडच ठेवते. त्यात पुढेमागे जोराची पन्नास-पन्नास वाटणी, स्पोर्टमधल्या तीस-सत्तरपेक्षा जास्त भरवशाची वाटते. एक मर्यादा सांगायला हवी: चाक पूर्ण हवेत उचललं गेलं तर टॉर्सनचाही फारसा उपयोग नसतो.

उरलीसुरली शंका कॅसल कूमला फिटली. विल्टशरमधलं हे जुन्या हवाई तळाच्या परिघावरचं रेसिंग सर्किट, १.८५ मैलांचं. एव्हन राइजच्या चढावरून उतरत क्वारीच्या उजव्या वळणासाठी जोरात ब्रेक लावावा लागतो आणि तिथून निघताना आतलं चाक हलकं होतं. त्या दिवशी दोन्ही गाड्या नेल्या होत्या. दुपारी दीर त्याच्या गाडीतून उतरला, चाकांजवळ वाकला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या ब्रेकचा वास बघा." दोघांचे ब्रेक सारखे, तरी त्याचे जास्त तापत होते. थांबण्यासाठी तेच वापरायचे आणि चाक आवरण्यासाठीही तेच. मग मी त्याला माझ्या गाडीची किल्ली दिली. चार लॅप मारून आल्यावर त्याने पुढच्या वेळीही हीच द्याल का, असं विचारलं.

टायरचा खर्च मात्र डोळ्यांत भरतो. सर्किट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, बहुतेक वळणं उजवीकडे, म्हणून पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा आधी झिजतो. चारही टायर २२५/४० आर१८ आहेत आणि ४एसला फिरण्याची ठरावीक दिशा नाही, फक्त बाहेरची बाजू बाहेर राहायला हवी. त्यामुळे मी चारही चाकं जागा बदलून फिरवत राहते आणि एक टायर घालवण्याऐवजी चारही सारखे वापरते. घरी जॅक आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) असेल तर हे फुकटात होतं. शिवाय रस्त्याच्या बहुतेक विमा पॉलिसीत ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी सर्किटवर चालवायचा दिवस, धरत नाहीत, त्या दिवसाचा विमा वेगळा काढावा लागतो.

माझा कौल असा. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी तरी ट्रॅकवर जाणार असाल किंवा ओल्या, वळणावळणाच्या रस्त्यांवर रोजचं जाणंयेणं असेल तर सर्किट पॅकच घ्या, आणि पैसे टॉर्सनसाठी मोजताय हे ध्यानात ठेवा. चाकं आणि सस्पेन्शन नंतरही बदलता येतात. पुढचं डिफरन्शियल नंतर बसवायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरीतच कंबरडं मोडतं. लहान मूल मागे, मोटरवेचा प्रवास आणि ट्रॅकचा विचारही नाही, असं असेल तर कन्व्हिनियन्स पॅकवाली घ्या.

सेकंडहँड घेताना चाकं आणि कॅलिपरचा रंग बघून सर्किट पॅक समजू नका, दोन्ही नंतर बदललेलं असू शकतं. चासी नंबरवरून डीलरकडे विचारून घ्या. आणि गाडी लिफ्टवर घेऊन चारही रिमची आतली कड बोटाने चाचपून बघा, बाहेरून चेप दिसत नाही.