स्पेनमध्ये मराठी स्वयंपाकघर: काय बॅगेत न्यावं, काय तिथे घ्यावं

पुण्या-मुंबईहून माद्रिद किंवा बार्सिलोनाला राहायला जाताना २३ किलोची बॅग भरायची वेळ आली की घरातले सगळे तूरडाळ, कणीक आणि पोह्यांची पाकिटं आणून ठेवतात. हा सगळ्यांत महाग पडणारा गोंधळ आहे. डाळी आणि पिठं तिथे मिळतात, काही तर साध्या सुपरमार्केटात, फक्त दुसऱ्या नावाने. मिळत नाहीत ते आपले मसाले आणि आपली भांडी. म्हणून वजन खर्च करायचं ते त्यांच्यावर.

सामान मिळवायच्या वाटा चार आहेत: भारतातून नेणं, स्पॅनिश सुपरमार्केट, पाकिस्तानी-बांगलादेशी म्हणजे ‘देशी’ दुकानं, आणि लॅटिन अमेरिकन व चिनी दुकानं. प्रत्येकीची ताकद वेगळी आहे.

बॅग भरण्याआधी शेगडीचा फोटो मागवा

घरमालकाकडून स्वयंपाकघराचा फोटो मागवा आणि शेगडी कोणती आहे ते विचारा. इंडक्शन, वित्रोसेरामिका म्हणजे काचेखाली तापणारी वीज-शेगडी, की गॅस? जुन्या घरांत अजून १२.५ किलोची नारिंगी बुतानो बाटली, म्हणजे बोम्बोना, चालते. तसं असेल तर घरातला कुठलाही कुकर आणि तवा न्या. काचेची शेगडी असेल तर तळ सपाट हवा. खोलगट तवा मधेच तापतो आणि पोळीची कड कच्ची राहते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. भांड्याच्या तळाला चुंबक घट्ट चिकटला तरच ते न्यायचं. बिडाचा सपाट तवा इंडक्शनवर उत्तम चालतो, पण तो तीन मिनिटं मध्यम आचेवर तापवावा. एकदम पूर्ण आच दिली तर बीड तडकू शकतं.

कुकर तिथे घ्यायचा की न्यायचा? स्पॅनिश ओया रापिदाला, म्हणजे तिथल्या प्रेशर कुकरला, शिट्टी नसते. दाबाच्या दोन पायऱ्या असतात आणि वाफ सतत थोडी-थोडी सुटते. त्यामुळे ‘तीन शिट्ट्या’ हा हिशोब संपतो, मिनिटं मोजावी लागतात. भिजवलेल्या तूरडाळीला वरच्या दाबावर दहा-बारा मिनिटं, मग आच बंद करून दाब आपोआप उतरू द्यायचा. ती भांडी मजबूत असतात, पण आपले एकावर एक बसणारे कुकरचे डबे त्यांत बसतीलच असं नाही. वरण आणि भात एकदम लावायची सवय असेल तर इंडक्शन तळाचा स्टीलचा तीन किंवा पाच लिटरचा कुकर डब्यांसकट घेऊन जा. आत मसाले भरले की जागाही वाया जात नाही. रबराच्या दोन जास्तीच्या रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व बरोबर ठेवा. तुमच्या मॉडेलची रिंग तिथे शोधण्यात महिना जातो.

मिक्सर मात्र न्यायलाच हवा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे मोटर तशीच फिरते. स्पेनमध्ये मिळणारा ब्लेंडर सूप आणि ज्यूससाठी असतो. त्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलं की पाती वरच्या वर फिरतात आणि खोबरं भिंतीला चिकटतं. अडचण फक्त प्लगची. आपला तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या गोल खाचेत जात नाही. प्रवासी ॲडॉप्टरवर ७५० वॅटचा मिक्सर रोज चालवू नका. बऱ्याच ॲडॉप्टरांत अर्थिंग जोडलेलं नसतं आणि सैल बसल्याने ते तापतात. फेरेतेरिया, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून ‘शुको’ प्लग घ्या आणि वायर कापून तो बसवा. हिरवी-पिवळी वायर अर्थच्या स्क्रूवर जायलाच हवी.

विजेचं आणखी एक. तिथे घराच्या कनेक्शनची कमाल शक्ती करारातच ठरलेली असते, त्याला पोतेन्सिया म्हणतात. लहान घरांत ती अनेकदा ३.४५ किंवा ४.६ किलोवॅट असते. इंडक्शनच्या दोन चुली, ओव्हन आणि पाणी तापवायची किटली एकदम चालू केली की अख्खं घर अंधारात जातं. फ्यूज उडालेला नसतो, मीटरने पुरवठा तोडलेला असतो. काही उपकरणं बंद करून मेन स्विच खाली-वर केला की वीज परत येते. पोळ्या चालू असताना ओव्हन लावायचा नाही, एवढं पाळलं तर करार वाढवायचा खर्च वाचतो.

सुपरमार्केटात लपलेला किराणा

स्पॅनिश नावं कळली की निम्मा किराणा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

मोड आणायचे हिरवे मूग तिथे ‘सोखा वेर्दे’ नावाने विकतात. शब्दशः अर्थ हिरवं सोयाबीन, पण आत मूगच. रात्रभर भिजवून फडक्यात बांधले की उन्हाळ्यात दीड दिवसात मोड येतात. हिवाळ्यात हीटर बंद असलेल्या घरात तीन दिवसही लागतात, तेव्हा ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवा. ‘लेंतेखा पार्दिना’ हे बारीक तपकिरी मसूर अख्ख्या मसुराच्या आमटीला फार चांगले: साल सुटत नाही, आत मऊ शिजतात. सोललेली लाल मसूर डाळही सहज मिळते. चवळी म्हणजे ‘अलुबिया कारिया’. तूरडाळ आणि मटकी या ओळीत कधीच सापडणार नाहीत.

रवा ‘सेमोला दे त्रिगो’ नावाने मिळतो. तो ड्युरम गव्हाचा, पिवळसर असतो. उपमा मोकळा होतो, शिऱ्याला दूध थोडं जास्त लागतं. गूळ हवा तर ‘पानेला’ घ्या: उसाचा रस आटवूनच केलेला, बहुधा भुकटीच्या रूपात. पुरणपोळीला आणि आमटीला काही फरक जाणवत नाही. ढेप हवी असेल तर कोलंबियन किंवा इक्वाडोरच्या लोकांच्या दुकानात जा. चिंच आणि कच्चं केळंही तिथेच.

बेसन ‘आरिना दे गार्बान्सो’ म्हणून असतं आणि दक्षिणेत काडिसकडे कोळंबीच्या कुरकुरीत पातळ भज्यांना तेच वापरतात. पण ते काबुली चण्याचं, आपल्यासारखं हरभरा डाळीचं नाही. भज्यांना चालतं. पिठल्याला त्याची चव फिकी लागते, आणि लाडवाला तर नकोच; कितीही भाजलं तरी तो खमंग वास येत नाही. लाडवासाठी देशी दुकानातलंच बेसन आणा.

तांदळात बासमती सगळीकडे. रोजच्या मऊ भाताला ‘आरोस रेदोंदो’, म्हणजे जाडसर गोल तांदूळ, बासमतीपेक्षा जवळचा वाटतो. आंबेमोहोराचा वास त्याला नाही, पण वरण-तूप धरून ठेवतो. ‘बोम्बा’ नावाचा महाग तांदूळ मात्र घेऊ नका. तो पाएया या स्पॅनिश भातासाठी आहे; पाणी खूप पितो आणि दाणा मोकळाच राहतो.

दूध बहुतेक ठिकाणी खोक्यातलं असतं. चहाला ‘एन्तेरा’, म्हणजे पूर्ण सायीचं, घ्या; अर्धी साय काढलेलं ‘सेमी’ घेतलं तर चहा पाणचट होतो. विरजण त्यालाही लागतं, साय मात्र येत नाही. तुपासाठी ‘मांतेकिया सिन साल’, म्हणजे बिनमिठाचं लोणी. एक किलोचं पाऊण किलोच्या आसपास तूप निघतं, आणि ते भारतातल्या तुपापेक्षा कुठेही कमी नाही. इथे शाकाहारी माणसाने डोळ्यांत तेल घालून वाचायचा एक शब्द आहे: मांतेका. स्पेनमध्ये त्याचा अर्थ डुकराची चरबी. मांतेकिया लोणी, मांतेका चरबी. ख्रिसमसची पोल्व्होरोनेस नावाची खुसखुशीत मिठाई, काही बिस्किटं आणि पाव यांत ती असते. बरणीतल्या शिजवलेल्या डाळींतही ‘चोरिसो’ (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा ‘तोसिनो’ (डुकराची चरबी) लिहिलंय का ते बघा. आणि बाहेर ‘सँडविच व्हेखेताल’ मागवलंत तर त्यात बहुधा टूना मासा आणि अंडं असतं.

श्रीखंडाला स्पेन सोयीचं आहे. ‘योगुर ग्रिएगो नातुराल’ हे दाट, बिनसाखरेचं दही मलमलीत बांधून सात-आठ तास फ्रीजमध्ये टांगा. चक्का घट्ट आणि गोडसर निघतो, कारण हे दही आंबट नसतं. केशर तर ला मांचाचंच. छोट्या डबीत अख्ख्या काड्या बघून घ्या, पूड नको.

लाल तिखटाच्या जागी ‘पिमेंतोन’ घेताना डबीवर ‘दे ला व्हेरा’ आहे का बघा. ते ओकच्या धुरावर वाळवलेलं असतं. रश्श्यात घातलं तर सगळा मसाला धुराचा लागतो. मुर्सियाचं ‘दुल्से’ पिमेंतोन धुराशिवायचं असतं. बेडगीसारखा रंग देतं, तिखट नसतं. कोथिंबीर ‘सिलांत्रो’. तिच्यासारखीच दिसणारी ‘पेरेखिल’, म्हणजे पार्स्लीची, जुडी उचलण्याआधी पान चुरगळून वास घ्या.

पोळीचा प्रश्न

तिथली ‘आरिना इंतेग्राल’, म्हणजे कोंड्यासकटचं गव्हाचं पीठ, ही आपली कणीक नाही. मैद्यात जाडसर कोंडा परत मिसळलेली ती बऱ्याचदा असते. कोंड्याच्या कडांनी लाटताना पोळी फाटते, वाफ निसटते, पोळी फुगत नाही आणि तासाभरात कडक होते. जात्यावरच्या कणकेत दळतानाच स्टार्च मोडलेला असतो म्हणून ती पाणी जास्त धरते: १०० ग्रॅमला सुमारे ७० मिली. तेवढंच पाणी स्पॅनिश पिठाला घातलं तर गोळा चिकट होतो. ६० मिलीने सुरुवात करा.

अडचणीच्या वेळी दोन वाट्या इंतेग्राल चाळून कोंडा काढा, एक वाटी साधी ‘आरिना दे त्रिगो’, म्हणजे मैदा, मिसळा, चमचाभर तेल घाला आणि कोमट पाण्यात मळून निदान पाऊण तास झाकून ठेवा. घडीची पोळी बरी होते. ‘आरिना दे फुएर्सा’ मिसळू नका. ती पावाची, लाटलेली पोळी मागे आखडते. रोजची पोळी करणाऱ्या घराने मात्र देशी दुकानातून पाच-दहा किलोची कणकेची पिशवीच आणावी. फुलका काचेच्या शेगडीवर फुगवायचा तर तारेची जाळी वर ठेवावी लागते, इंडक्शनवर तीही चालत नाही. तिथे तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायचा.

ज्वारीचं पीठ क्वचित दिसतं. तांदळाचं मिळतं, उकड काढून भाकरी थापता येते. मक्याच्या पिठात मात्र दोन सापळे आहेत: ‘मायसेना’ म्हणजे कॉर्नफ्लॉवर, आणि ‘प्रेकोसिदा’ लिहिलेलं पीठ आधीच शिजवलेलं, आरेपा या लॅटिन अमेरिकन मक्याच्या भाकरीसाठीचं.

देशी दुकानं: माद्रिद की बार्सिलोना?

देशी दुकानांची वस्ती माद्रिदमध्ये लावापिएस, बार्सिलोनात राव्हाल. लावापिएसमध्ये बांगलादेशी दुकानदार जास्त, राव्हालमध्ये पाकिस्तानी. हा फरक किराण्याला कळतो. लावापिएसमध्ये पोहे मागायचे तर ‘चिरा’ म्हणा आणि चुरमुरे ‘मुडी’. पोहे जाड असतात, कांदेपोह्यांना छान, पातळ पोह्यांच्या चिवड्याला नाहीत. राव्हालमध्ये भेंडी, मेथी, हिरव्या मिरच्या चांगल्या मिळतात, आणि उन्हाळ्यात पाकिस्तानी आंब्यांच्या पेट्या येतात. तूरडाळ, मटकी, हिंग, दाणेदार चहा, गोठवलेलं ओलं खोबरं आणि शेवग्याच्या शेंगा दोन्हीकडे. डाळीवर तेलाचा थर दिसला तर गरम पाण्याने दोनदा धुवा. साबुदाणा याच दुकानांतून घ्या. चिनी दुकानातल्या टॅपिओका मोत्यांची बहुधा खिचडी नाही, खळ होते. कच्चे शेंगदाणे मात्र चिनी दुकानात स्वस्त.

यापलीकडे लहान गावात राहणार असाल तर ऑनलाइन मागवणं हाच मार्ग, आणि एकदम मोठी ऑर्डर दिली तरच पाठवणखर्च परवडतो.

पाण्याचा फरक कोणी सांगत नाही. माद्रिदचं पाणी डोंगरातलं, मऊ. डाळ पटकन शिजते. बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, आलिकान्ते, मुर्सियाकडे ते जड आहे. छोले आणि तूरडाळ टणक राहतात, चहावर पातळ तवंग येतो. कडधान्य भिजवताना चिमूटभर ‘बिकार्बोनातो’, म्हणजे खाण्याचा सोडा, घाला आणि शिजवायला ‘मिनेरालिसासिओन देबिल’ (कमी क्षारांचं) लिहिलेलं पाच-आठ लिटरच्या कॅनचं पाणी वापरा. डाळ जुनी म्हणून फेकून देण्याआधी हे करून बघा.

बॅगेत काय

युरोपीय संघाचा नियम स्पष्ट आहे: भारतातून दूध आणि मांस, किंवा त्यांचे पदार्थ, सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर नाही. बाळाच्या दूध पावडरीला सीलबंद असेल तर दोन किलोपर्यंत सूट आहे. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. कढीपत्ता आणि हापूस त्यातच अडकतात. नारळाला सूट आहे. घरून पार्सल येणार असेल तर प्राणिजन्य पदार्थांचा नियम त्यालाही लागू, आणि व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीलाच कर माफ असतो.

म्हणून वजन असं वाटा. गोडा मसाला आणि काळा किंवा कांदा-लसूण मसाला, दोघांच्या घराला सहा महिन्यांसाठी प्रत्येकी अर्धा किलो. आमसुलं पाव किलो, मेतकूट, भाजणी प्रत्येकी अर्धा-एक किलो. सावलीत वाळवलेला कढीपत्ता मसाल्याच्या डब्यात पूड करून. ज्वारी-नाचणीचं पीठ दोन-दोन किलो. पातळ पोहे एक किलो. मसाले दुहेरी पिशवीत, मग स्टीलच्या डब्यात, आणि पोचल्यावर फ्रीझरमध्ये. नाहीतर उन्हाळ्यात माद्रिदच्या ३८ अंशांत मसाल्यातलं खोबरं खवट होतं. राहिलेलं वजन मिक्सर, कुकर, पोळपाट-लाटणं, चकलीचा सोऱ्या आणि किसणीला.

हापूसची भूक मालागाच्या किनाऱ्यावरचे ऑस्टीन आंबे काही अंशी भागवतात. ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. आणि ग्रानादाच्या किनाऱ्यावर पिकणारी चिरिमोया ही सीताफळाची सख्खी बहीण. ऑक्टोबरपासून हिवाळाभर मिळते, गर जास्त, बिया कमी, खवले मात्र वेगळे सुटत नाहीत. अंगठ्याने दाबल्यावर जरा दबणारी घ्या. कडक असेल तर फ्रीजमध्ये ठेवू नका, साल काळी पडते आणि आत पिकत नाही. कागदात गुंडाळून ओट्यावर दोन दिवस ठेवा, मग गर चाळणीतून गाळून थंड बासुंदीत घाला.